बरोबरी राखणाऱ्याची

रात्री अकरानंतर उपकेंद्रात
ट्रान्सफॉर्मरचा घुमारा तेवढा उरतो,
आणि टेबलावर जुन्या लाईन-नकाशाची उलटी बाजू:
तिच्यावर मी बॉलपेनने काढलेला जिल्हा,
मधून वैनगंगा, जरा जास्तच वळलेली.
माझी फौज तुरीचे दाणे,
मडावीची चिंचोके.

फासे त्यानेच केले.
फुटक्या इन्सुलेटरची चिनीमाती
आठ दिवस कानशीने घासत बसला होता.
ठिपके खिळ्याने टोचून आत डांबर भरलं.

नियम साधा.
चढणाऱ्याला तीन फासे, राखणाऱ्याला दोन,
मोठ्यासमोर मोठा लावायचा, धाकट्यासमोर धाकटा,
बरोबरी झाली तर राखणाऱ्याची.
सगळी गोम या शेवटच्या वाक्यात.
एकास एक लढलं तर छत्तीस घरांतली
पंधराच चढणाऱ्याची;
सहा बरोबऱ्या समोरच्याच्या पदरात फुकट.
तीनास दोन मांडायला मला तीन रात्रपाळ्या लागल्या.
लॉगबुकात पुढे दर तासाचे अँपिअर,
मागे सात हजार सातशे शहात्तर शक्यता.
दोन हजार आठशे नव्वद वेळा त्याचे दोघे पडतात,
दोन हजार दोनशे पंच्याहत्तर वेळा माझे,
उरलेल्या वेळी एकाला एक.
म्हणजे चढावं.

मडावी म्हणाला, "फाशाले हे कोनं सांगतलं?"

मग मी एकेक फासा सहाशे वेळा टाकून पाहिला.
एकावर चौका पडला एकशे एकतीसदा.
पडायला हवा होता शंभरदा.
"तिकडून कानस कमी चालली असन," तो म्हणाला.
गणित पुन्हा मांडायचं राहूनच गेलं.

आज त्याचा एकच चिंचोका उरलाय, कुरखेड्यात.
दारात माझे आठ दाणे.
तीन वेळांतून दोनदा मीच जिंकायला हवं.
पहिली फेक: बरोबरी. एक दाणा गेला.
दुसरी: त्याचा छक्का.
तिसरी: चौक्याला चौका.
चौथीचं मी सांगत नाही.
असं चारदा टिकणं शंभरात एकदा, वर थोडंसं.
चिंचोका तिथेच, जरा तिरपा.
"टाक ना गा," तो म्हणतो,
"तुह्या कागदात त तूच जितून राह्यला."

फोन वाजतो.
सोनेरांगी फीडर, नाल्याजवळ जंपर तुटला.
तो हातमोजे घेतो, रॉड घेतो, बिडी कानावर खोचतो,
व्हरांड्यात झोपलेल्या सुखदेवला पायानेच उठवतो.
मी एबी स्विचचं हॅण्डल ओढून कुलूप लावतो,
लाल पाटी टांगतो: माणूस लाईनवर आहे.
किल्ली माझ्या खिशात.

इथली शक्यता मी काढत नाही.
काढता येईल. वर्षाला किती खांब, किती रात्री,
न विचारता हॅण्डल उचलणारे किती.
विभागाकडे आकडे असतील.
मी खिसा चाचपतो, पुन्हा चाचपतो.

दोन वाजून दहा. "झालं. सोड लाईन."
"खाली उतरला?"
"उतरलो."
"सुखदेव?"
"हा काय, बाजूले उभा हाये."
"मडावी, पाय जमिनीवर आहेत का?"
"चिखलात हायेत बाप्पा, चिखलात!"

मग पाटी काढतो.
घुमारा जरा जड होतो.
सोनेरांगीत कुणाचा तरी पंखा फिरू लागला असेल.

टेबलावर माझे चार दाणे, त्याचा एक चिंचोका.
त्याला यायला अर्धा तास.
तो आल्याशिवाय फासे उचलायचे नाहीत,
असं नियमात कुठेही लिहिलेलं नाही.