पायाशी बसवलेला डबा

रात्री अडीचला तो बोंबलतो.
जुनी टेम्पो ट्रॅव्हलर, वाडीच्या गॅरेजात
आत ओटा, बाज, कपाट करून घेतलेली,
गोरेवाड्याकडे तोंड करून उभी.

मी सिलिंडर बंद करतो, दार उघडतो,
रेग्युलेटरला साबणाचा फेस लावतो.
बुडबुडा नाही.
लाल दिवा तरी लुकलुकतोच.

"बेबीनंदा, वास येतो का?"

मागच्या तापात माझं नाक गेलं.
तेव्हापासून फोडणी, फिनेल, धुतलेली चादर
सगळं कोरं.
ती अंधारात उठून बसते,
हवेचा एक घोट घेते.
"काई नाई जी. संत्र्याचे सालटे हायेत.
तुमीच टाकले न त्याच्यापाशी."

परवा सावजी रश्श्याचा ठसका होता.
त्याआधी तिचा केसांचा स्प्रे, भाचीच्या लग्नाला निघताना,
रामटेकला आंबलेलं धिरड्याचं पीठ,
आणि एकदा नुसती बॅटरी उतरलेली.
सीताबर्डीचा दुकानदार तारीख बघून म्हणाला,
याचंही नाक म्हातारं झालं काका, नवा घ्या.

घेईन.
तोवर वायर उपटून टाकावी म्हणतो,
वाकतोही,
आणि तसाच बसतो दारात.

ती परत घोरू लागलेली.
डब्यातलं एक साल उचलून चुरगाळतो,
नाकाशी धरतो.
काहीच नाही.

मग हळूच त्याच्याजवळ नेतो.
तो लगेच किंचाळतो.

बेबीनंदा उशी कानावर ओढते,
"आता काहून?"