येतो गं

परीक्षा विभागाच्या चौथ्या खिडकीत
क्लार्कनं विचारलं, कसं लिहायचं?
म्हटलं, ज्योत्स्ना.
त अर्धा, स अर्धा, ना पूर्ण.
दोनदा खोडून त्यांनी कच्च्या पावतीवर 'जोसना' लिहिलं
आणि मी दुरुस्त केलं नाही.
चुकलं होतं,
पण एखाद्या मुलीचं नाव चुकावं तसं चुकलं होतं.

हजेरीपटावर जुनंच आहे अजून.
मुळीक सर प्रॅक्टिकलला सगळ्यांची नावं घेतात,
माझ्यापाशी येऊन फक्त म्हणतात, एकतीस.
मग पुन्हा नावं.
सरांचा हेतू चांगला आहे.
पण त्या आकड्याला अख्खी लॅब वळते,
ब्युरेटच्या टोकाला थेंब लोंबत राहतो.
"हजर," मी म्हणते.
बरं झालं, 'हजर'ला लिंग नसतं.

गावात म्हणाले होते, देवीला सोडा.
चुलत्यांनी तर परडी आणली होती
गारगोटीच्या बाजारातून, नवी कोरी.
तेव्हा ओढ्यापलीकडची पारू जोगतीण
आपली परडी उतरवून आमच्या दारात बसली.
"मला कुणी इचारलं न्हवतं. हिला इचारा."
मी म्हटलं, एम.एस्सी.
सगळे हसले. पारू नाही हसली.

प्रवेशाच्या दिवशी तिनं दिलेल्या नोटा
कॅशियरनं थुंकी लावून मोजल्या
आणि त्याची बोटं भंडाऱ्यानं पिवळी झाली.
रुमाल काढला त्यानं,
मग काय वाटलं कुणास ठाऊक,
बोटं कपाळाला लावली आणि पावती फाडली.

मुलांच्या वसतिगृहात नको, म्हणाले.
मुलींच्या वसतिगृहाच्या नियमात बसत नाही, म्हणाले.
राजारामपुरीत नऊ घरं पाहिली.
एका घरी चहा मिळाला,
आणि जिना उतरताना
तोच कप तीनदा विसळल्याचा आवाज.

सागरमाळवर इंदूआक्कानं एवढंच विचारलं,
"म्हशीचा वास चालतोय न्हवं?"

शहरात आल्यापासून मी क्रियापदं घोटत होते.
आरशासमोर: जाते, येते, जेवले, झोपते.
केएमटीत कंडक्टरला 'इथं उतरते' म्हणायला
दोन स्टॉप आधीपासून तयारी.
एखादा 'तो' निसटला
की दिवसभर वाटायचं, ऐकलं कुणीतरी.

आणि इंदूआक्का,
नऊवारी, रुपयाएवढं कुंकू, तीन लेकींची आई,
पहाटे वैरण आणायला निघते आणि गल्लीला ऐकू जाईल असं ओरडते,
"जोस्ना, मी जातो गं! दूध झाकलंय!"

जातो.

माझी आईपण हेच म्हणायची.
भांगलायला जातो, दिवस बुडता येतो.
आत्या म्हणायची, मावश्या म्हणायच्या,
पारूसुद्धा.
आमच्याकडच्या बायकांनी 'ते'साठी
जीभ कधी वळवलीच नव्हती.
ज्या शब्दात मला बावीस वर्षं कोंडलं असं वाटायचं
त्यात त्या सगळ्या आधीपासून होत्या,
पदर खोचून, आपापल्या कामात.
आणि मी बाहेर पडायला
आरशासमोर घाम गाळत होते.

आज तोंडी परीक्षा.
बाहेरून येणाऱ्या मॅडम पुण्याच्या आहेत.
रसायनाआधी त्या माझी क्रियापदं तपासतील
असं उगाच वाटतंय.
गॅझेट आलेलं नाही. ओढणीला इस्त्री नाही.
पोटात खड्डा.

गोठ्यात चरवीत धार वाजतेय.
"आक्का, येतो गं."

तिनं मानसुद्धा वर केली नाही.
"ये. पेन घेतलंस न्हवं?"

घेतलं नव्हतं.
परत आत गेले.