घोडी

ताम्हिणीत तेलाचा ओघळ दिसला तेव्हाच
निर्मल म्हणाली होती, शॉकॲब्झॉर्बर गेलाय.
मी म्हटलं, फ्रिजचं पाणी असेल.
मुळशी येईस्तोवर कॅरव्हानमध्ये सहा बशा फुटल्या
आणि तिथून धायरीपर्यंत आम्ही दोघी बहिणी
गप्प.

तांबोळींच्या गॅरेजची जमीन कालव्याकडे कलते,
डोळ्याला कळणार नाही इतकीच.
त्यांनी बेअरिंगची एक गोळी खाली ठेवली.
ती निघाली,
घाई नसलेल्या माणसासारखी, पण निघालीच.
"आज नाही," ते म्हणाले,
"उद्या टेम्पो हलला की कोब्यावर घेऊ."

उद्या आला.
कॅरव्हान जीपला जोडलेलीच ठेवली.
उजवी बाजू उचलायची, तर डाव्या चाकाला
पुढून-मागून बाभळीचे गुटके.
जॅक चासीखाली. ॲक्सलच्या नळीला हातही नाही.
चाक निघालं, एक नट घरंगळत आत गेला
आणि मी वाकले.

पत्र्यावर पाना वाजला. एकदाच.
"ताई, जॅक उचलतो. धरत नाही.
धरायला घोडी."

मग दोन लोखंडी घोड्या आल्या,
तीन पायांच्या, रंग उडालेल्या.
जॅक बोटभर उतरवला,
वजन त्यांच्यावर बसलं तसा कट्ट आवाज झाला.
तरी आत गेले नाहीत.
खांदा लावून घर हलवून पाहिलं, दोनदा,
आणि त्यालाच म्हणाले,
"पडायचं तर आत्ता पड, मी बाहेर आहे तोवर."

गंजलेल्या बोल्टला तेल पाजून आम्ही चहा प्यायलो.
बोल्टच्या आधी निर्मल सैल झाली.
"गळतोय एकच, मग दोन कशाला?" तिनं विचारलं.
खरं म्हणजे मीच विचारणार होते.
"एका आसावर नवा-जुना नांदत नाही.
बदलायचे तर जोडीनं."
ती माझ्याकडे बघून हसली नाही, पण बघितलं.

नवा शॉक पट्टीनं आवळलेला होता.
पट्टी कापली, तसा तो कुणी न ओढता
उघडत गेला, दुपारी उठणाऱ्या मांजरासारखा,
आणि आपणहून भोकाशी येऊन थांबला.

बोल्ट बसले. मी म्हटलं, आवळा आता.
"अंहं. आधी चाकावर उतरू दे.
हवेत आवळलं की रबराला पीळ पडतो,
मग तो जन्मभर जात नाही.
वजन आल्यावर आवळायचं."

डावी बाजूही तशीच. दुपारचे तीन वाजले.

नांदेड फाट्याच्या स्पीडब्रेकरवर
निर्मल मुद्दाम आत बसली, कायद्यात नाही तरी,
कान लावून. फोनवर म्हणाली,
"बशा शांत आहेत."
राहिल्यात दोनच, मी म्हटलं.
"चमचा एक वाजतोय."
वाजू दे.
पुढचं वळण ती म्हणाली तिकडं घेतलं.