शेरा

एरंडवण्यातलं ऑफिस. पंखा
कागद उडणार नाहीत इतपतच वेगावर.
समोर तक्ता: धोका, शक्यता, परिणाम.
एक ते पाच आकडे, मग गुणाकार.
पंचवीस आले की चौकट लाल.

पूर ओसरून चौदा महिने झाले.
खडकवासल्यातून विसर्ग किती सोडला होता
ते आता कुणाला सांगता येत नाही,
पण कुणाला किती चादरी दिल्या ते आमच्याकडे आहे.
नाव, वय, जात, खोली नंबर,
आधारचे बारा आकडे,
डाव्या अंगठ्याचा ठसा,
आणि तो उमटेना म्हणून उजव्याचाही.

जात कशाला विचारली?
"रकाना होता, मॅडम," निसार तांबोळी म्हणतो.
गुडघाभर पाण्यात उभं राहून,
दुधाच्या पिशवीत टॅब गुंडाळून
त्याने सहाशे बारा घरं लिहिली.
त्याला मी आता संमतीचा अर्थ समजावायचा.
अंगठा द्या, चादर घ्या,
लेकरू कुडकुडतंय,
ह्यात नाही म्हणायला जागा कुठे होती
हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

यादीचा माग काढत फिरते आहे.
मुख्यालयात गेली. तिथून देणगीदारांकडे.
गुलटेकडीच्या गोदामात भिंतीवर चिकटवलेली आहे अजून,
कोपऱ्यात कुणीतरी चहाचा हिशेब मांडलाय.
स्वयंसेवकांच्या ग्रुपवर आहे,
जिथून काम सोडलेले एकोणीस जण
अजून बाहेर पडलेले नाहीत.
आणि अप्पा बळवंत चौकात
एका झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर,
कुणाचा तरी लग्नाचा बायोडेटा
आणि कुणाचा तरी भाडेकरार
ह्यांच्या मधोमध: "फायनल यादी फायनल २".
"उडवू का?" त्याने विचारलं,
आणि बोट तसंच धरून,
"पण ती मुलं परत मागायला आली तर?"

ओळ तीनशे सत्तेचाळीस.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
बहुतेकांचा कोरा. एखाद्याला
"आजी जिना चढत नाहीत."
एकाला "कुत्रा चावतो."
हिला:
"नवऱ्याला पत्ता कळू देऊ नये."

पत्त्याला लागूनच.

निसारला दाखवलं. बराच वेळ
तो बाटलीचं झाकण उघडत, लावत राहिला.
"ती तसं म्हणाली होती.
मी विसरू नये म्हणून लिहिलं."

मुख्यालयाचा फोन:
असं काही प्रत्यक्ष घडल्याची नोंद आहे का?
नोंद नाही.
खोली मे महिन्यातच रिकामी झाली, एवढंच
शेजारीण दारातून म्हणाली.
कुठे गेली, का गेली, कुणी आलं होतं का,
मी विचारत राहिले.
तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं,
गळ्यातल्या ओळखपत्रासकट.
"तुम्ही तिच्या कोण?"

त्या यादीच्या अख्ख्या प्रवासात
हा प्रश्न कुणी कुणाला विचारला नव्हता.
मला उत्तर सुचलं नाही.
तिने दार लावून घेतलं, आणि मला,
खरं सांगते, बरं वाटलं.

तक्त्यात मी पाच गुणिले पाच लिहिलं.
वरून दुरुस्त होऊन आलं: दोन गुणिले चार.
चौकट पिवळी.
बैठकीत सगळ्यांना वडे होते.

ह्या कवितेत तिचं नाव नाही.
ओळीचा आकडा मी बदललाय.
वस्ती कोणत्या पुलाखालची ते विचारू नका,
नदीवर पूल पुष्कळ आहेत.
निसारचं नाव मात्र आहे, त्याला विचारून.
छापण्याआधी वाचून दाखवलं तेव्हा
तो शांतपणे ऐकत होता.
"लिहा," म्हणाला,
"फक्त ते पाणी गुडघाभर नव्हतं.
छातीला लागत होतं."