डावा हात

पहाटे चार. भट्टीच्या तोंडाशी कमरेत वाकलो,
होडीसारखी लांबट कणीक आतल्या भिंतीवर थापली,
तर डाव्या हाताला धग लागेना.

एकतीस वर्षं ओळखतो मी या धगीला.
मनगटापर्यंत शेजारीण,
कोपराच्या वर वैरीण.
आज तिथं कुणीच नव्हतं.
बाही माझी होती, हात दुसऱ्याच कुणाचा.

म्हटलं, कुशीखाली आला असेल रात्री.
म्हटलं, द्राक्षतोडणीचे दिवस,
काल झौरच्या अंगणात शेवटचं शिंग नको होतं प्यायला.
म्हटलं, मुंग्या येतील आता, मुंग्या आल्या की सुटलो.
मुंग्या आल्या नाहीत.

साडेपाचला म्हातारी पेपेला. रोजच्या दोन रोट्या.
मी म्हणालो, ‘घे दोन जोडे, गरम आहेत, जपून.’
ती हसली. मी हसलो.
माझं अर्धंच तोंड हसलं, ते तिनं पाहिलं.
रोटी हा शब्द जिभेवर होता,
पण जीभ कुठं होती?

मग सगळं परत आलं, सहाच्या आत.
शब्द आला. बोटं आली.
गुंडी लावली, काढली, पुन्हा लावली.
आता डॉक्टरला काय सांगायचं?
पाहुणे येऊन गेले, तुम्ही नव्हता?
तेलावीचा दवाखाना तासाभरावर,
आणि इथं लग्नाच्या साठ रोट्या,
परातीच्या काठावर आलेली कणीक.
हात दाखवून अवलक्षण कशाला.

बायको इटलीत, बारीला,
परक्या म्हाताऱ्यांची औषधं घड्याळ लावून देते.
तिला फोन केला तर पहिलं विचारेल, ‘किती वाजता झालं?’
म्हणून केला नाही.

बापानं सगळी दुखणी अंगावर काढली.
त्याच्या अंगाला ती बसायचीही नीट,
जुन्या कोटासारखी.
एका दुपारी सुरी निसटली हातातून.
‘जरा पडतो,’ म्हणाला.
त्याची झोपमोड नको म्हणून आम्ही
पायातलं हातात घेऊन वावरलो घरभर,
दिवे लागेपर्यंत.

तेवढ्यात आग व्हायला लागली.
बाही सारली. मनगटाच्या वर वीतभर कातडी लाल,
दोन फोड, पाण्यानं टचटचलेले.
कधी भाजलो मी?
तेव्हा कोण होतं इथं, माझ्या जागी?
आग वाढत गेली. वाढू दिली.
तीच काय ती साक्षीदार. नाहीतर
काही झालंच नाही, हे स्वतःला पटवण्यात
माझा हात कुणी धरला नसता.

पेपेला गेली नव्हती.
दाराच्या बाकावर, मांडीवर निवत चाललेल्या रोट्या.
‘गोचाला गाडी काढायला सांगितलीय.’
‘जातो म्हणून मी कुठं म्हणालो?’
‘जोडे म्हणालास ना? मग घाल जोडे.’

उजव्या पायाचा घातला. डाव्याची नाडी
तिनंच बांधली, गुडघे मोडून, शिव्या देत,
माझ्या साखरपुड्यापासूनचे सगळे गाढवपणे मोजत.
कणकेवर ओलं फडकं टाकलं.
दुपारपर्यंत ती परातीबाहेर येईल, जमिनीवर जाईल,
कुणाला विचारणार नाही.

गोचा एरवी तोंड मिटत नाही.
आज एवढंच विचारत होता, ‘हे कुठलं गाव?’
‘बाकुर्त्सिखे.’
‘आणि हे?’
‘गुरजानी. तुझी सासुरवाडी.’
रस्त्यावर ट्रॅक्टर, मागं काळ्या द्राक्षांचा ढीग,
त्यावर एक पोरगं उताणं झोपलेलं, तोंड उघडं.
‘आणि हे?’

मी पोराकडे बघत होतो.
गोचानं वेग वाढवला.

नाव येत होतं मला. बहुतेक.