भिंगरी, बस

नाव ठेवतानाच चुकलं आमचं.
भिंगरी म्हटल्यावर ती फिरणारच,
शेपटीमागे, पोस्टमनमागे, स्वतःच्या सावलीमागे,
आणि एप्रिलच्या अखेरीस, मानेवाडा चौकात,
एका ई-रिक्षाच्या चाकामागे.

मागचा डावा पाय. आत आता पट्टी, सहा स्क्रू.
नाकाडे मॅडमनी एक्स-रे खिडकीला धरला,
बाहेरचा कडुनिंब तिच्या हाडातून दिसला.
"दीड महिना. उडी नाही, जिना नाही, पलंग नाही.
गोळ्या मी देते, पण बरं करणार ते बसणं,
अन् तेच हिला येत नाही."
मी मान हलवली.
कुंदा माझ्याकडे बघून राहिली होती,
कुत्रीकडे नाही.

तिला तो खांब आठवत होता.
दिवाळीच्या तोंडावर, बेसा रोडवर,
पंधरा फुटांवरून मी सरळ खाली आलो होतो.
मलाही दीड महिनाच सांगितला होता.
अठराव्या दिवशी शिडी खांद्यावर घेतली.
तेव्हापासून जिन्यात
माझा गुडघा माझ्याआधी बोलतो.

अडगळीत जुन्या कूलरची बॉडी पडली होती.
मोटर काढली, पंखा काढला, कडा कानशीनं घासल्या,
एका बाजूला जाळीचं दार, खाली गोधडी.
वाळ्याचा वास तेवढा निघाला नाही.
भिंगरी आत. शेजारी नवा कूलर घरघरतोय.
बाहेर सेहेचाळीस.
पहिल्या रात्री ती भुंकली नाही.
जाळीला नाक लावून असा एक सूर धरला
की दोन घरं सोडून राहणारे ढोबळे उठून आले:
"काहून हो, लेकराले कोंडून राह्यले का?"

पळू न देता दमवायचं कसं?
वाटीत दही गोठवलं. अर्धा तास चाटत बसे.
जुन्या टॉवेलला गाठी मारल्या, गाठीगाठीत फुटाणे.
मग चौथ्या दिवसापासून पहाटे
मी एकटाच निघालो, स्कूटरला पिशवी अडकवून.
फुटाळ्याच्या काठचा ओला दगड.
अंबाझरीहून बगळ्याचं पीस.
बहाव्याचा गळलेला घोस.
तर्री-पोह्याच्या ठेल्यामागचा तेलकट कागद.
आणि, लाज सोडून सांगतो,
ज्या खांबाशी सगळी गल्ली पाय वर करते
त्याच्या बुडाशी रुतलेली वीट.

एकेक वस्तू दारातून आत सरकवायची.
ती वीट तिनं वीस मिनिटं वाचली,
पुन्हा पहिल्यापासून वाचली,
आणि अशी झोपली
जशी धरमपेठेपर्यंत चालत जाऊन आली.

तेविसावा दिवस वाईट गेला.
कडी लावायला विसरलो. खिडकीत मांजर.
ती उडी घेणार
तेवढ्यात मी जमिनीवर बसून तिला छातीशी धरलं.
धडधडत होती, डीपीतल्या सैल फ्यूजसारखी.
मी हललो नाही. ती थरथरायची थांबली,
तरी हललो नाही.
छत्तीस वर्षांच्या नोकरीत
एका जागी एवढा वेळ मी कधी बसलो नव्हतो,
साहेबांच्या निरोप समारंभातसुद्धा.
कूलरचं पाणी टपकत होतं.
कुंदा दारात आली, काही बोलली नाही,
चहाचा कप फरशीवर ठेवून गेली.
तो तिथंच गार झाला.

काल दुसरा एक्स-रे.
हाड जुळून राह्यलं.
दहा मिनिटं, पट्टा लावून, सपाट रस्त्यावर, हळू.
ऊन उतरल्यावर निघालो.
तिचे भरवशाचे पाय तीन, माझा एक,
बेरीज चार, म्हणजे एक कुत्रं झालं.
ढोबळे गेटमधून म्हणाले,
"कोण कोणाले फिरवून राह्यलं?"
मी उत्तर शोधत होतो,
तर ती खांबापाशी थांबली.
वीट उचललेल्या त्या चौकोनी खड्ड्यात
तिनं डोळ्यापर्यंत नाक घातलं,
बराच वेळ,
आणि मग वर माझ्याकडे बघितलं,
चोर सापडल्यासारखं.