वाचलेले दोन किलोमीटर

टोलनाक्याच्या तीन नंबरच्या खिडकीतून
जुना रस्ता दिसतो मला.
इथनंच फुटतो तो,
सीनेकडं वळताना एक खांदा पाडतो
आणि बाभळीत शिरतो.
फाट्यावर पिवळ्या टोपीचा दगड : सोलापूर १९.
माझ्या डोक्यावर हिरवी पाटी : सोलापूर १७.

आमच्या घरात आजा मैलकुली, बाप मैलकुली.
हे सरकारी पद आहे, शिवी नाही.
खड्डे बुजवायचे, कडेचं गवत काढायचं,
दसऱ्याआधी दगडांना चुना द्यायचा.

आज्याच्या वेळी ह्याच दगडावर बारा होते. मैल.
मग वरून कागद आला, मैल गेले.
आजानं आणि तिघांनी पहारी लावून दगड उपटला,
बैलगाडीत घातला,
चारशे पावलं सोलापूरच्या अंगाला नेऊन पुरला,
चुना दिला, वर १९ लिहून घेतलं.
म्हणजे दगड शहराजवळ सरकला
आणि शहर सात आकडे लांब गेलं.
बाजाराला निघालेल्या बायांनी त्याला अडवलं :
"काय रं भीमण्णा, आता यष्टीचं तिकीट वाढीवतोस व्हय?"

अक्षरं अंबादास येमूलची.
पूर्व भागातला माणूस, रंगाच्या कारखान्यात पाळी करून
हँडलला डबे अडकवून सायकलीवर यायचा.
घरी तेलुगू, दगडावर मराठी.
त्याच्या 'हळू'तला ळ इतका गोल
की ट्रक खरोखर मंदावायचे,
असं बाप सांगतो.
पुलाच्या कठड्यावर त्यानं लिहिलं होतं :
पुढे वळण आहे.
घरी वाट बघतायत.
दुसरी ओळ खात्याच्या यादीत नव्हती.
तेवढ्या अक्षरांचे पैसे
त्याच्या बिलातून कापले.
ओळ मात्र कुणी पुसली नाही,
पुसायची मजुरी कुठल्या खात्यात टाकायची
ते ठरलं नसावं.

पुढं महामार्गाचा नंबर बदलला, नवाचे पासष्ट झाले.
बाप दगड खरवडायला बसला.
पिवळ्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली पुन्हा पिवळा,
आणि तळाशी, छिन्नीनं कोरलेला,
विलायती आकड्यांतला बारा.
रंगाचा असता तर निघाला असता.

मग चौपदरी आला.
नदी उंचावरून. वळण नाही, गाव नाही.
मांडवात साहेब म्हणाले, दोन किलोमीटर वाचले.
टाळ्या झाल्या. बापानंही वाजवल्या.
घरी येऊन चपला काढता काढता म्हणाला,
"वाचले ते ठेवले कुठं?"

तिथंच आहेत की.
त्यांच्यावर तूर वाळते,
करडईचे काटे डांबरात रुतून राहतात.
मधल्या पांढऱ्या पट्ट्यावरनं सायकल सरळ न्यायची
अशी पोरांची पैज असते.
पंक्चरवाल्याच्या टायरवर 'हवा' तेवढं उरलंय,
'मोफत' उडून गेलं.
आणि शेवटी, नव्या रस्त्याच्या भरावाला
जिथं हा येऊन धडकतो,
तिथं 'पुढे रस्ता बंद' अशी पाटी आहे,
तीही उलटी,
भरावाकडं तोंड करून.
तिच्यापुढं मातीच आहे फक्त,
आणि एक सापसुरळी.

बाप रिटायर होऊन चार वर्षं झाली.
दसऱ्याआधी अजून डबा घेऊन जातो,
पांढरं करतो, पिवळं करतो,
आकड्यापाशी आल्यावर थोडा वेळ उन्हात बसतो.
शेवटी १९च लिहितो.
ळ लिहायला मात्र त्याला कुठं जागाच नाही,
सोलापुरात ळ नाही.

काल रात्री अडीचला एक कंटेनर आला, नेल्लोरचा.
फास्टॅग चालेना म्हणून त्यानं काच खाली घेतली,
डोळे लाल, मांडीवर शेंगाचटणीची पुडी.
"सोलापूर कितना?"
मी म्हणाले, "बारा."
त्यानं पाटीकडं बघितलं,
मग माझ्याकडं.
सुटे मोजून घेतले.
मी दुरुस्त केलं नाही.